चाचणीला लावलेलं लग्न

वसमतच्या मोंढ्यामागं, म्हणजे शेतमालाच्या बाजारामागं, शिवहारचं मिक्सिंगचं दुकान आहे. लग्नाचं शूटिंग त्याच्याकडं येतं आणि सीडी होऊन जातं. त्याच्या कामाबद्दल गिऱ्हाइकांची एकच तक्रार असते. बाकी सगळं झकास. नवरा-नवरी बदामातून बाहेर येतात, वरमाय ताजमहालासमोर उभी राहते, वरात ढगांतून चालते. पण अक्षता पडायची वेळ आली की गाणं बंद होतं. मग भटजींचा बसलेला घसा, भोंग्याची खरखर, लेकरांची रडारड, कुणाच्या तरी सासऱ्याचा खोकला, जे असेल ते तसंच्या तसं ऐकू येतं. लोक म्हणतात, अरे बाबा, ऐन मोक्याला गाणं टाकायचं विसरलास की. त्यावर शिवहार एवढंच म्हणतो, "आमच्याकडं आसंच ऱ्हातंय. पटत न्हाई तर दुसरीकडं करा." एरवी इतका नरम माणूस, की रिक्षावाल्यानं पायावर चाक घातलं तरी हाच सॉरी म्हणेल, पण या एका बाबतीत तो ऐकत नाही. कारण विचारलं तर सांगतही नाही.

शिवहार मूळचा डोंगरकड्याकडच्या एका खेड्यातला. बाप दगडोबा शेळ्या-मेंढ्या राखायचा, थोडी कोरडवाहू जमीन कसायचा. पोरानंही तेच करावं अशी त्याची साधी अपेक्षा होती. पण शिवहारला शेळ्यांमागं धाडलं की शेळ्या शेजाऱ्याच्या हरभऱ्यात आणि हा बाभळीखाली बसून बापाचा रेडिओ उघडतोय, असं चित्र. नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराला गावात पहिल्यांदा व्हिडिओ शूटिंग आलं, तेव्हा कॅमेरेवाल्याचा भगभगीत दिवा धरून उभं राहायला माणूस लागत होता. शिवहार उभा राहिला. दिव्यानं कान भाजले, पण बेट्याला त्याचंच वेड लागलं. पुढं नांदेडला एका स्टुडिओत झाडूपासून सगळी कामं करत तो मिक्सिंग शिकला आणि वसमतला येऊन पत्र्याच्या खोलीत स्वतःचा संगणक मांडून बसला. दगडोबानं एकदा येऊन ते पाहिलं आणि म्हणाला, "सावलीत बसून ऱ्हायाचं काम हाय. बराय." बापाच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी मिळणार नव्हती.

या व्हिडिओचं सगळ्यांत जास्त कौतुक बापांना नव्हतं, आयांना होतं. नवरीच्या आईनं पोरीच्या अक्षता पाहायच्या नाहीत, अशी इकडच्या लोकांत रीत. बाहेर मांडवात मंगलाष्टकं चाललेली असतात आणि ती घरात तुळशीपुढं पाणी घालत एकटी बसलेली असते. जिला जन्म दिला, तिचं लग्न लागताना सगळ्या गावानं पाहायचं आणि तिनं नाही. व्हिडिओ आला आणि ही अडचण आपोआप सुटली, कारण टीव्हीवर पाहू नये असं कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं. सीडी न्यायला दुकानात बाप यायचा, पण "अक्षता नीट आल्यात न्हवं?" हे विचारायला आई मागून वेगळी यायची.

शिवहारची धाकटी बहीण सीमा. दोन हजार सहाच्या माघात तिचं लग्न झालं, गोरेगावकडं दिली. शूटिंग शिवहारच्याच जोडीदारानं, परमेश्वरनं केलं. त्यांची आई चांगुणाबाई, शिवहारची माय आणि सीमाची 'बाई', रीतीप्रमाणं घरात तुळशीपुढं बसली. बाहेर बँडवाल्यांनी असा दणका लावला होता की तिला भटजीचा एक शब्द कळला नाही. वरात गेल्यावर रडून झालं, डोळे पुसून झाले आणि तिनं शिवहारला एवढंच म्हटलं, "माझ्या सीमीच्या अक्षता मला लौकर दाव, बाबा. डाव्या डोळ्यानं तर कवाचंच न्हाई दिसत. आता उजव्याम्होरंबी धुकं येऊन राहिलं."

"वारं सुटलं हाय, माय. धूळ जाती डोळ्यात," शिवहार म्हणाला.

दुकानात येऊन त्यानं कॅसेट संगणकात उतरवून घेतली. मग मिक्सिंगवाल्यांची नेहमीची पद्धत असते तशी सगळ्यांत आधी मूळचा आवाज काढून टाकला आणि त्याजागी पिक्चरची गाणी बसवली. मूळ आवाजात असतंय काय? नुसता गलका. कॅसेट परमेश्वर परत घेऊन गेला आणि पुढच्या लग्नाचं शूटिंग त्याच कॅसेटवर केलं. दर वेळी नवी कॅसेट कोण आणतो?

आता राहिलं होतं रेंडरिंग. म्हणजे लग्नाचे तुकडे, गाणी, बदाम, ढग सगळं एकत्र शिजवून त्याचं एक पिक्चर करायचं. हे काम संगणक करतो आणि तास न् तास करतो. तेवढ्यात लग्नसराई सुरू झाली, गिऱ्हाइकं रांगेत आली आणि घरचं काम मागं पडलं. घरच्या कामाचं नेहमी हेच होतं. सुताराच्या घरी कधी धड पाट असतो का?

चैत्र लागला आणि मशीन बंद पडायला लागलं. पत्र्याखाली भट्टी पेटलेली. त्यात मोंढ्यात हळदीचा हंगाम, वाऱ्याबरोबर पिवळी भुकटी उडायची आणि दाराच्या फटीतून आत यायची. संगणकाचा जो मेंदू, तो प्रोसेसर, वेगानं चालायचा आणि तेवढाच तापायचा. त्याच्या डोक्यावर अॅल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा आणि त्यावर एक छोटासा पंखा, एवढाच त्याला गारवा. ताप फार वाढला की जळून जाऊ नये म्हणून मशीन स्वतःच डोळे मिटायचं. रेंडरिंग मधे तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यात भारनियमन. वीज यायची सकाळी थोडी, दुपारी थोडी. तेवढ्यात पिक्चर शिजलं तर शिजलं. वीज आहे तेव्हा मशीन तापतंय आणि मशीन निवलं तेव्हा वीज नाही. शिवहार डोक्याला हात लावून बसायचा.

हातपाय गाळून चालणार नव्हतं. त्यानं ठरवलं, कुठल्या उपायानं किती फरक पडतो ते नीट तपासायचं. पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचा ताप दाखवणारा आकडा त्यानं लावून घेतला. तपासणी खरी व्हायची तर दर वेळी काम तेच पाहिजे, सुरुवात तीच पाहिजे आणि उन्हाची वेळही तीच पाहिजे. मग काम कोणतं घ्यायचं? गिऱ्हाइकाचं पिक्चर असल्या खेळात लावायची त्याची छाती नव्हती. सीमाचं लग्न मोकळंच पडलं होतं. त्यानं ते चाचणीला लावलं.

पहिली चाचणी जुन्याच पंख्याची. पात्यांतली हळद रंगाच्या ब्रशनं झाडली, ठोकळ्याखालची ताप ओढून घेणारी पेस्ट वाळली होती, ती खरवडून नवी लावली आणि सीमाचं लग्न सुरू केलं. पडद्यावर पिक्चर पुढं सरकायचं, नुसतं चित्र, मुकं. हळद झाली, वरात आली, अंतरपाट धरला, अक्षता उडाल्या. अक्षता संपल्यावर सीमा मान वर करून सरळ कॅमेऱ्याकडं पाहायची आणि तिचे ओठ हलायचे. नेमका तिथंच आकडा नव्वदीला टेकला आणि पडदा काळा झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हापासून शिवहारनं ती खूणच धरली: सीमाचे ओठ हलले की आकडा पाहायचा. ती पोरगी काय बोलते आहे, हा विचार त्याच्या डोक्याला शिवला नाही. ते डोकं आकड्यात अडकलं होतं.

मग त्याला एक अक्कल सुचली. घरोघरी असतो तसा पाण्याचा मोठा कूलर त्यानं भाड्यानं आणला, मशीनचं झाकण काढलं आणि ओल्या वाळ्याचा गार वारा सरळ त्याच्या पोटात सोडला. आकडा धाडकन खाली आला. शिवहार खूश, शेजारच्या दुकानदारांना बोलावून दाखवलं. पण गार वारा म्हणजे ओला वारा आणि त्यात उडती हळद. आठवड्याभरात पात्यांमध्ये हळदीचा लेप बसून वाळला आणि हवा जायला फटच उरली नाही. नवरीला पाच बायका मिळून लावतात तशी मशीनला हळद लागली. खरवडताना शिवहारच्या नखांत पिवळं बसलं आणि एका पात्याचा तुकडा पडला. हा उपाय वसमतमध्येच कुणाला सुचावा आणि वसमतमध्येच असा अंगावर यावा.

तो नांदेडला प्रेमसिंगकडं गेला. प्रेमसिंगचं संगणकाच्या सुट्या भागांचं दुकान. त्यानं हळद लागलेला ठोकळा हातात घेऊन वास घेतला आणि पोट धरून हसला. मग काचेच्या कपाटातून एक धूड काढलं. तांब्याच्या वाकवलेल्या नळ्या, त्यात ओवलेली पातळ पात्यांची चळत आणि बाजूला तळहाताएवढा पंखा. "ये लगाओ, शिवहारभाई. लेकिन एक बात सुनो. हवा से ठंडा करनेवाला कूलर है. कमरे में जितनी गरमी है, उसके नीचे ये भी नहीं जाता. वो किसी के बाप से नहीं होता."

ते धूड बसवायला सगळं मशीन उसकटावं लागलं. मदरबोर्ड बाहेर काढून त्याच्या पाठीला पट्टी लावायची, मग कूलर त्यावर आवळायचा. शिवहार जमिनीवर पेपर पसरून, स्क्रू वाटीत घेऊन बसला होता, तेवढ्यात दारात चांगुणाबाई. एकटीच एसटीनं आली होती. हातात चटणी-भाकरीची गाठोडी. आत येताना बाजूच्या स्टुलाला धडकली, स्टूल कलंडलं, वाटीतले स्क्रू खोलीभर झाले.

"माय, बघून चाल की!" शिवहार वैतागला.

"बघूनच चालले, बाबा," ती म्हणाली आणि स्क्रू वेचायला बसली. हात जमिनीवर फिरवत, चाचपत वेचत होती. शिवहारचं लक्ष तांब्याच्या नळ्यांकडं होतं.

"शिवा, सीमीच्या अक्षता झाल्या का रं?"

"होऊन राहिल्यात, माय."

"आता दाव की मग. म्हून तर आले म्या."

"आज मशीन उघडलं हाय. दिसून राहिलं न्हाई का?"

तिनं वेचलेले स्क्रू वाटीत टाकले. मग म्हणाली, "उद्या जोडशील न्हवं? तवर थांबते. हाय तसंच दाव. नटवलं न्हाई तर काय बिघडतंय?"

"कच्चं हाय ते, माय. कच्चं कुणी दावतंय का? पाव्हण्याला कुणी भाकरीच्या जागी पीठ वाढतंय का? पुढल्या खेपेला ये, समदं करून ठिवतो. म्याच घेऊन येतो की घरी, टीव्हीवर बघ आरामात."

ती हसली. "बरं," म्हणाली. दुपारच्या गाडीनं परत गेली. रस्ता ओलांडताना तिनं एका अनोळखी पोरीचा हात धरला होता. शिवहारनं ते दारातून पाहिलं आणि त्याला वाटलं, माय आता म्हातारी झाली. यापलीकडं त्याला काही वाटलं नाही.

दोन दिवसांनी मशीन जोडून झालं. झाकण काही लागेना, कूलरचं डोकं बाहेर येत होतं. लागेना तर न लागो. वजन एवढं की मदरबोर्ड वाकेल म्हणून त्यानं खालून पुठ्ठ्याचा टेकू दिला. ऐन उन्हात सीमाचं लग्न लावलं. हळद, वरात, अंतरपाट, अक्षता. सीमानं मान वर केली, ओठ हलवले. आकडा सत्तरीच्या आत! पुढंही सरकेना. शिवहारनं खुर्चीवरून उठून टाळी वाजवली. पंख्याचा आवाजही जुन्यापेक्षा कमी. प्रेमसिंगला फोन लावून सांगितलं, कूलर एकदम बराबर आहे, वसमतच्या उन्हाळ्यात पास झाला.

तेव्हा मशीन तसंच चालू दिलं असतं तर त्याच दिवशी सीमाची सीडी निघाली असती. पण चाचणी झाली होती, आकडा कळला होता, गिऱ्हाइकं दारात उभी होती. त्यानं सीमाचं लग्न अर्ध्यावर थांबवलं आणि दुसऱ्याचं लावलं. त्यानंतर सराई संपेपर्यंत मशीन एकदाही बंद पडलं नाही. पिक्चरमागून पिक्चर धडाधड बाहेर पडत होतं, त्या लग्नांतल्या नवरींच्या आया अन् नवऱ्यांच्या आत्यासुद्धा सगळ्यांनी पाहून घेतलं.

आषाढात दगडोबाचा फोन आला. दगडोबा फोनवर ओरडून बोलायचा, पण त्या दिवशी हळू बोलला. "तुझ्या मायनं भाकर म्हून जळत्या लाकडाला हात घातला. तिला दिसून राहिलं न्हाई, शिवा."

नांदेडच्या डॉक्टरनं दोन्ही डोळे तपासले, दाब मोजला आणि काचबिंदू सांगितला. एवढे दिवस काय करत होता, असंही विचारलं. शिवहारनं विचारलं, ऑपरेशन? मशीन? मुंबईला नेलं तर? डॉक्टर म्हणाले, "मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. यात आतली नसच वाळते. गेलेली नजर परत येत नाही. थेंब देतो, उरलंय तेवढं राहिलं तर बघू." उरलं होतं ते एवढंच, की उजेड कळत होता, माणूस कळत नव्हतं. प्रोसेसरचा ताप उतरवायला ज्यानं सगळा उन्हाळा घातला, त्याला या दाबापुढं काय करावं ते कळेना. करण्यासारखं काही नव्हतंच.

परतीच्या गाडीत चांगुणाबाईनं विचारलं, "मंग सीमीच्या अक्षता?"

"मोठ्या टीव्हीवर दिसंल, माय. जवळ बसून बघ. दिसंल जरासं."

त्यानं दुकान बंद ठेवून तेवढं एकच काम केलं. कूलर शांतपणे फिरत होता, मशीननं एका दमात लग्न शिजवून दिलं. सीडी निघाल्यावर हाताला सवय होती तशी त्यानं डिस्कवरची कच्ची फाईल पुसली. पुढच्या कामाला जागा लागते. मग सीडी आणि प्लेअर घेऊन गाव गाठलं.

भरदुपार होती, वीज होती. शेजारच्या बायका येऊन बसल्या. चांगुणाबाईला टीव्हीच्या इतकं जवळ बसवलं की तिचा श्वास काचेवर उमटत होता.

"दिसतंय का, माय?"

"उजेड दिसतोय. पिवळा पिवळा."

"हळद हाय ती."

"व्हय का?" ती म्हणाली आणि काचेवरून हात फिरवला. शिवहार एकेक सांगत होता, आता मामा आला, आता वरात आली, आता अंतरपाट धरला. ती मान हलवत होती. अक्षता सुरू झाल्या तशी तिनं बायकांना दटावलं. "आता गप ऱ्हावा समद्या. आता सीमी बोलणार हाय."

"काय बोलणार?" शिवहारनं विचारलं.

"आरं, ती मला सांगून गेली की. म्हणली, बाई, तू तर आत बसशील. अक्षता पडल्या की म्या क्यामेऱ्यात बघून तुला एक सांगणार हाय. सीडी आली की ऐक. कवाची वाट बघून राहिले म्या."

सीमानं मान वर केली. ओठ हलले. वर कुठल्यातरी पिक्चरचं गाणं जोरात चाललं होतं.

हे ओठ शिवहारनं सबंध उन्हाळा पाहिले होते. कॅसेटवर आता दुसऱ्याच कुणाचं लग्न होतं. डिस्कवरच्या ज्या कच्च्या फाईलीत मूळ आवाज शिल्लक होता, ती त्यानं स्वतःच्या हातानं पुसली होती. तो उठून बाहेर गोठ्याकडं आला आणि सीमाला फोन लावला. लागला.

"सीमे, अक्षतेच्या टायमाला क्यामेऱ्यात काय बोलली व्हतीस?"

"ऐकलं का बाईनं?" ती एकदम खुलली.

"काय बोललीस ते सांग आधी."

"तवा जे तोंडात आलं ते बोलले, दादा. रडू यून राहिलं व्हतं, समदे ढकलून राहिले व्हते. आता कुठं ध्यानात हाय? काहून? तुमच्या सीडीत हाय की ते."

फोन बंद करून तो तसाच आत आला. बायका निघून गेल्या होत्या. गाणं पुढं सरकलं होतं, चांगुणाबाई कान टीव्हीला लावून बसली होती.

"गाणं लई मोठं हाय रं. त्येच्याखाली दबलं ती बोललेलं," ती म्हणाली. "पुन्ना अक्षता लाव. अन् गाणं बंद कर. म्हंजी खालचं ऐकू यील."

गाण्याखाली काही नाही, हे शिवहारला तिला सांगवेना. त्यानं अक्षता पुन्हा लावल्या आणि आवाज शून्यावर आणला. घरात सामसूम झाली. पडद्यावर तांदूळ उडाले. सीमानं मान वर केली आणि ओठ हलवले. शिवहार डोळे फाडून त्या ओठांकडं बघत होता. पहिला शब्द 'बाई' असावा. पुढचं काही कळेना.

"माय," तो म्हणाला, "माय, ऐक..."

"गप रं," चांगुणाबाई डोळे मिटून, टीव्हीला कान टेकवून हळूच म्हणाली. "बोलून राहिली ती. मला ऐकू दे."